धोंड्याच्या महिन्यातल्या खुर्च्या

गारखेडा, छत्रपती संभाजीनगर
१२ एप्रिल २०२६

ती. अक्का,

नमस्कार वाकून केला आहे असं समज. खरोखर वाकलो तर सरळ करायला तुझ्या भावजयीला, मुक्ताला बोलवावं लागतं.

फोन सोडून पत्र कशाला, असं तू म्हणशील. तुझा फोन आला की मुक्ता तो स्पीकरवर टाकते, आणि तिकडं तुझी सूनही तेच करते. म्हणजे आपण बहीण-भावानं गुपित बोलायचं आणि दोन्हीकडच्या बायकांनी भाजी निवडत ऐकायचं. तुझी सगळी नोकरी टपालात गेली. बंद पाकिटाची किंमत तुला काय सांगायची?

तर मुद्दा असा. सतरा मेला अधिक महिना लागतो. दोन्ही जावयांना धोंड्याच्या जेवणाला बोलवायचं आहे, आणि थोरल्या विश्वजीतरावांना तर काहीही करून आणायचं आहे. मागच्या धोंड्याला जे झालं ते तुझ्या डोळ्यांदेखत झालं. त्या भाड्याच्या घरात हातांची अशी धड खुर्ची एकच होती. प्रेरणाचं लग्न नुकतंच झालेलं, म्हणून नवा जावई म्हणून प्रणयरावांना मी तिच्यावर बसवलं. विश्वजीतरावांच्या वाट्याला आली प्लॅस्टिकची, तीही मंडपवाल्याकडून आणलेली, पाठीवर त्याचं नाव आणि मोबाइल नंबर असलेली. त्यांनी कसेबसे दोन घास खाल्ले, "नांदेडला अर्जंट काम निघालं" म्हणाले आणि भरल्या ताटावरून उठले. तेव्हापासून ना ते दिवाळीला आले, ना या फ्लॅटच्या वास्तुशांतीला. ते नाहीत म्हणून मोनालीही नाही. फोनवर "बरी आहे बाबा" म्हणते आणि ठेवून देते. थोरली लेक, माझी लाडकी (हे प्रेरणाला कळू देऊ नको), आणि तिनं बापाचं नवं घर अजून पाहिलेलं नाही. मला हे फार लागतं, अक्का. दुसऱ्या कुणाला सांगत नाही, तुला सांगतो.

जावई म्हणजे दहावा ग्रह. पण हा ग्रह खुर्चीवरून फिरला आहे, तर खुर्चीनंच तो सरळ होईल, असा माझा हिशेब आहे. म्हणून दोन खुर्च्या घ्यायच्या, अगदी एकसारख्या. आणि त्या नव्या नकोत. आठवतं ना, सोयरीक ठरवायला गेलो होतो तेव्हा विश्वजीतरावांनी त्यांच्या ओसरीतल्या आजोबांच्या शिसवी खुर्चीची हकिकत आपल्याला चहा गार होईपर्यंत ऐकवली होती? अशा माणसापुढं फर्निचर मॉलची खुर्ची ठेवणं म्हणजे पुन्हा अपमान. मुक्ता म्हणते, "सोफा घ्या की, दोघं शेजारी-शेजारी बसतील." तिला कोण सांगणार की सोफ्यालाही उजवी-डावी बाजू असते.

काल जुन्या बाजारात जाऊन आलो. तिथल्या चाचांकडं एक आरामखुर्ची आहे, वेताची, लांबलचक हातांची. "बैठ के तो देखो साब, उठने कू जी नक्को बोलेगा," म्हणाले. बसलो, आणि खरंच उठवेना, पण ते कंबरेमुळं. अशीच दुसरी ते मिळवून देतो म्हणतात. घेऊ का?

तुझा
सुदर्शन

*

दौलताबाद
१६ एप्रिल २०२६

चि. सुदर्शन,

तुझा न वाकलेला नमस्कार पोचला. आशीर्वाद मात्र पूर्ण देते आहे.

आरामखुर्ची घेऊ नकोस. अरे, धोंड्याला जावयाचं औक्षण करतात. तुझे दोन्ही जावई हात-पाय पसरून आडवे होणार आणि मुक्ता निरांजन घेऊन येणार. आडव्या माणसाजवळ दिवा लावलेला तू कुठं पाहिलास? पाहिला असशील तर ते औक्षण नव्हतं. शिवाय जेवणाचं ताट कुठं ठेवणार, पोटावर?

जुनी खुर्ची घ्यायची तर डोकं लावून घे. दुकानात पॉलिशच्या चकाकीकडं बघायचंच नाही. चकाकी काय, कालचीही असते. हातांची टोकं बघ. जिथं वर्षानुवर्षं तळवे घासले असतील तिथलं लाकूड आपोआप गुळगुळीत आणि काळपट होतं. पुढच्या पायांमधली आडवी दांडी बघ, माणसं तिच्यावर पाय ठेवून बसतात, ती मध्ये झिजलेली पाहिजे. चारी बाजूंनी नवी कोरी दिसली तर समज की एक तर खुर्ची नवी आहे, नाहीतर तिच्यावर कुणी बसतच नव्हतं. मग सरळ उलटी करायची आणि पोटाखाली बघायचं. सांध्याला लाकडी खुंट्या असतील तर ठीक, स्क्रू चमकत असतील तर हात जोडून बाहेर. हे मला पोस्टातल्या खुर्च्यांनी शिकवलं, त्यांच्या खिळ्यांनी माझी तीन लुगडी खाल्ली आहेत. खुर्ची उलटी करून बघता येते, एवढं सुख तरी घे. जावई तसा बघता आला असता तर निम्म्या लेकी सुखात राहिल्या असत्या.

आणि एक विचारते. विश्वजीतराव खुर्चीवरूनच रुसले, असं तुला त्यांनी सांगितलं की मोनालीनं?

अक्का

*

गारखेडा
२३ एप्रिल २०२६

ती. अक्का,

तुझं पत्र एक दिवस उशिरा पोचलं, आणि त्या एका दिवसानं माझा घात केला.

झालं असं की, चाचांच्या गोदामात मागच्या कोपऱ्यात पोत्याखाली मला एक खुर्ची दिसली. खुर्ची कसली, सिंहासन. हातांच्या टोकांना सिंहाची तोंडं, पाठीवर मोर, काळंभोर पॉलिश, लाल मखमल. मी म्हटलं, "चाचा, ही निजामाच्या काळातली दिसते." ते पान लावत होते, नुसते "हौ" म्हणाले. मी पुढचं मागचं न बघता घरी आणली. आमच्या लिफ्टमध्ये ती मावेना, तिसऱ्या मजल्यापर्यंत चौघांनी जिन्यानं चढवली. वॉचमन म्हणाला, "साहेब, घरात कुणाचं लगीन हाय का?" तेव्हाच मला समजायला पाहिजे होतं.

प्रेरणा चिकलठाण्याहून बघायला आली. तिनं खुर्चीभोवती एक फेरी मारली आणि हसत खाली बसली. म्हणाली, "बाबा, असल्याच खुर्चीवर बसून मी हजार माणसांसोबत फोटो काढलेत. ही मंडपाची खुर्ची हाय!" मग तुझं पत्र आलं, मग आम्ही ती उलटी केली. खाली पिना, स्पंज आणि प्लायवूड. सिंहाच्या जबड्यात नखानं खरवडलं तर आत सोनेरी रंग. म्हणजे थोरल्या जावयाला मी मंडपाच्या खुर्चीवरून उठवून पुन्हा मंडपाच्याच खुर्चीवर बसवणार होतो, फक्त जरा मोठ्या.

परत न्यायला गेलो तर चाचा म्हणाले, "मैं पुराना बोला साब. निज़ाम तो तुम बोले." भला माणूस, खुर्ची परत घेतली आणि वर चहा पाजला.

तुझ्या प्रश्नाचं उत्तर. सांगितलं कुणी नाही, पण असल्या गोष्टी सांगाव्या लागतात का? पुरावा देतो. फेब्रुवारीत आमच्या ऑफिसातल्या एकाच्या मुलाच्या लग्नाला नांदेडला गेलो होतो. मोनाली मला स्टँडवर भेटायला आली. विश्वजीतराव आले नाहीत. आता बोल! ती म्हणत होती, "बाबा, घरी चला की, लई लांब नाय." पण लेकीला लेकरू झाल्याशिवाय तिच्या घरचं पाणी आपण घेत नाही, ही आपली रीत तिला माहीत आहे. मी तिला कँटीनमध्ये नेलं आणि चांगला स्पेशल चहा पाजला. तिनं माझ्यासाठी डबा आणला होता, तो मात्र मी घेतला नाही. बस सुटेपर्यंत ती थांबली होती.

शोध चालू आहे.

सुदर्शन

*

दौलताबाद
२७ एप्रिल २०२६

चि. सुदर्शन,

तुझं पत्र मी एकटीनं वाचायचं ठरवलं होतं, पण हसण्याचा आवाज ऐकून सून आली, आणि मग सिंहाच्या जबड्यापर्यंतचं मोठ्यानं वाचावं लागलं. पुढचं वाचलं नाही. पुढचं वाचून मला हसू आलं नाही.

त्याबद्दल आज लिहीत नाही, कारण लिहायला बसले तर तुझं काही खरं नाही. खुर्च्यांचं बोलू.

जोडी हवी तर हौसेच्या खुर्च्यांमागं लागू नकोस, कामाच्या शोध. वकील, डॉक्टर, सावकार, जुन्या शाळेचे हेडमास्तर, ह्यांच्याकडं समोर येऊन बसणाऱ्यांसाठी दोन-दोन सारख्या खुर्च्या असायच्या. त्या मजबूत असतात, कारण तिथं माणसं आनंदानं बसायला येत नसत, अंग टाकून बसायची. सागवानी बघ. घेण्याआधी एकेका खुर्चीवर एक-एक चहा होईपर्यंत बस. चहा संपायच्या आत चुळबूळ करावीशी वाटली तर ती खुर्ची आपली नाही.

ऊन फार आहे. टोपी घालून हिंड. जावई आणताना सासरा जायचा.

अक्का

*

गारखेडा
६ मे २०२६

ती. अक्का,

सापडल्या! तू खरी हुशार, आणि हे मी लेखी देतो आहे.

चाचांनीच दाखवल्या. एका जुन्या वकिलाचं ऑफिस मोडलं, तिथल्या. दोन्ही सागवानी, दोन्हींना रुंद हात, बैठकीला वेताचं विणकाम, आणि पुढच्या दांड्या मध्ये अशा झिजलेल्या की किती पक्षकार पाय ठेवून घाम पुसत बसले असतील. उलट्या केल्या, खुंट्या निघाल्या. दोन्हींवर एकेक चहा घेतला. चाचा म्हणाले, "साब, तुम चेअर लेने आये के चाय पीने?" मी म्हटलं, आमच्या अक्काचा हुकूम आहे. तर म्हणतात, "तो फिर अक्का कू लाव ना एक दिन."

घरी आणल्या. पुसल्या, ऊन दाखवलं, जवसाचं तेल लावलं. शेजारी-शेजारी मांडल्या आणि मागं सरून बघितलं. डावीकडची बोटभर उंच आहे! वकिलानं एक स्वतःसाठी उंच करून घेतली असणार, वकीलच तो. आता उंचीवर कुणाला बसवू? थोरल्याला बसवलं तर धाकटा रुसेल, धाकट्याला बसवलं तर मागचंच पुन्हा. मी आजवर दोन जावई केले, ही चूक आत्ता कळते आहे.

काल एक उपाय केला. ठेंगण्या खुर्चीच्या चारी पायांखाली कॅरमच्या सोंगट्या चिकटवल्या. दोन काळ्या, दोन पांढऱ्या. उंची तंतोतंत जुळली. मग मुक्ता तिच्यावर बसली, आणि आमच्या टाइल्सवर ती खुर्ची मुक्तासकट थेट टीव्हीपर्यंत गेली. मुक्ता आता बोलत नाही. करवत आणू का?

सुदर्शन

*

दौलताबाद
९ मे २०२६

चि. सुदर्शन,

जुन्या सागाला करवत लावलीस तर मी तुझ्या घरचं पाणी सोडीन.

दोन गाद्या शिवून घे, वरचं कापड एकच. ठेंगणीला जाड, उंच खुर्चीला पातळ. मान सारखा, उंची सारखी, आणि पृष्ठभागाखाली काय आहे हे ज्याचं त्याला माहीत. पोस्टात आम्ही साहेबांच्या दौऱ्याला हेच करायचो.

मुक्ताला सांग, अक्का विचारत होती, टीव्हीपर्यंत गेलीस तर रिमोट तरी आणायचास.

अक्का

*

गारखेडा
२० मे २०२६

ती. अक्का,

गाद्या झाल्या. मोरपंखी कापड, मुक्तानं स्वतः शिवल्या, म्हणजे ती बोलायला लागली. दोन्ही खुर्च्या हॉलमध्ये अशा शोभतात की येणारा-जाणारा विचारतो, कुठून आणल्या. मी कुणालाही बसू देत नाही.

रविवारी नांदेडला फोन लावला. मुद्दाम जावयांच्या मोबाइलवर, मानानं बोलवायचं म्हणून. "या, पूर्वीसारखं होणार नाही, सगळी चोख व्यवस्था आहे," असं मी सूचक बोललो. ते गडबडले. "बघतो मामा, रजेचं बघतो," म्हणाले आणि फोन मोनालीकडं दिला. ती म्हणाली, "बाबा, यंदा नको. तुम्ही वाईट वाटून घेऊ नका." मग मला राहवेना, मी तिला सगळं सांगून टाकलं. आरामखुर्ची, सिंहासन, वकिलाची जोडी, सोंगट्या, गाद्या. म्हटलं, यांच्यासाठी एवढं उन्हातान्हात फिरलो. ती आधी हसली, अगदी लहानपणी हसायची तशी. मग म्हणाली, "बाबा, तुम्ही खुर्चीसाठी एवढं फिरलात?" मी म्हटलं, "मग!" त्यानंतर ती काही बोलली नाही. मी हॅलो हॅलो करत राहिलो. लाइन गेली की तिनं ठेवला, कळलं नाही.

अक्का, खुर्च्या चांगल्या निघाल्या आणि घर रिकामंच राहिलं. मी काय चुकतो आहे तेच मला समजत नाही. परवा मुक्ता त्या खुर्च्यांपाशी नुसती उभी होती, तिला बघून मी पिशवी उचलली आणि बाजारात निघून गेलो. तू जातेस का नांदेडला? तू आत्या आहेस, तुझं ती ऐकते. मी जाऊन दारात उभा राहू शकत नाही, आणि स्टँडवर असल्या गोष्टी बोलता येत नाहीत.

सुदर्शन

*

दौलताबाद
२९ मे २०२६

चि. सुदर्शन,

जाऊन आले. दोन रात्री राहिले, पोटभर जेवले, पाणी तर तांब्यावर तांब्या प्यायले. मी आत्या आहे, आणि नसते तरी मला तहान लागते.

आधी तुझ्या दहाव्या ग्रहाचं. मी सरळ विचारलं, "जावईबापू, खुर्चीचा राग अजून गेला नाही का?" ते माझ्याकडं बघतच राहिले. "आत्या, कसली खुर्ची?" मी प्लॅस्टिकची सगळी कथा सांगितली. त्यांना इतकं हसू आलं की डोळे पुसावे लागले. मी कशावर बसलो होतो ते मला आठवतसुद्धा नाही, म्हणाले. त्यांना आठवतं ते ताट. त्या धोंड्याच्या आदल्याच आठवड्यात त्यांना साखरेचं दुखणं निघालं होतं. समोर धोंड्यांचा ढीग, वर तुपाची धार, आणि आपली मुक्ता "माझ्या गळ्याची शपथ, अजून एक" म्हणत उभी. नाही म्हणावं तर कारण सांगावं लागतं, खावं तर डॉक्टरनं दम दिलेला. म्हणून ते अर्जंट काम निघालं. पुढं दिवाळीलाही तीच भीती, वास्तुशांतीलाही तीच. गोडाशिवाय आपल्याकडं पाहुणा सुटतो का कधी?

मी मोनालीला म्हटलं, "अगं मग सांगायचंस की!" तर ती म्हणाली, "आत्या, रुसलेला जावई घरोघरी असतो, त्याला कुणी हसत नाय. पण एवढ्या लहान वयात शुगर म्हटलं असतं तर सगळी भावकी कारल्याचा रस घेऊन दारात आली असती. त्यांनी मला कुणाला सांगू नको म्हणून बजावलं होतं." तेही खरंच. माझ्याच तोंडावर तीन औषधांची नावं आली होती, गिळली.

हे झालं जावयाचं. हसण्यावारी नेण्यासारखं आहे. आता दुसरं ऐक, आणि हे वाचताना खाली बस.

मी त्यांच्या घरात शिरले तेव्हा प्रवासानं पाय भरून आले होते. खिडकीपाशी एक खुर्ची दिसली, तिच्याकडं गेले आणि टेकणार एवढ्यात मोनाली आतून पळत आली. "आत्या, तिथं नको. ती बाबांची हाय."

सुदर्शन, लग्नानंतर पहिल्याच वर्षी तिनं ती घेतली. तिथल्या जुन्या सामानाच्या दुकानातून, नवऱ्याला बरोबर घेऊन, तुझ्यासारखीच दुकानं पालथी घालून. पाठ उंच आहे, कारण तुझी मान दुखते. बैठक जरा कडक आहे, कारण मऊ गादीत तुझी कंबर धरते. आणि हात पुढं लांब आलेले आहेत. ती म्हणाली, "बाबांना उठताना आधार लागतो, पण ते मागत नाहीत." ती खुर्ची रोज पुसली जाते आणि तिच्यावर कुणीही बसत नाही. पाहुणे आले तर विश्वजीतराव ती आत नेऊन ठेवतात. मी उलटी करून बघितली. अस्सल आहे. फक्त पुढची दांडी कोरी आहे.

फेब्रुवारीत तू स्टँडवर उतरलास तेव्हा जावई आले नाहीत, हे तू पुरावा म्हणून मला लिहिलंस. ते घरी पोहे करत होते रे. मोनाली त्यांना सांगून निघाली होती की आज मी बाबांना घेऊनच येते.

रीत मलाही माहीत आहे. लेकीच्या सासरी आपलं ओझं होऊ नये, म्हणून कुणीतरी कधीतरी ती घातली. पण तू तिच्या घरचं पाणी नाकारतोस तेव्हा तिला काय ऐकू येतं, ते कधी मनात आणलंस का? तिला ऐकू येतं की जोवर तुझी कूस उजवत नाही, तोवर तुझं घर हे घर नाही. लेकराचं त्यांच्या हातात आहे का? डॉक्टरांकडं जाऊन जाऊन दोघं थकली आहेत. मला फार राग आला आहे तुझा, आणि तुझ्याइतकाच माझाही, कारण ही रीत मी इतकी वर्षं तुझ्याबरोबर मान डोलावून ऐकत आले.

तिनं तुला फोनवर विचारलं ना, खुर्चीसाठी एवढं फिरलात? ती पुढं जे बोलली नाही, ते मला बोलली. "आत्या, तेवढ्या उन्हात बाबा माझ्याकडं आले असते."

आता तुझं तू बघ. अधिक महिना पंधरा जूनपर्यंत आहे.

अक्का

*

नांदेड
३ जून २०२६

ती. अक्का,

पत्ता बघून तुला कळलंच असेल. तुझं पत्र मी खाली बसून वाचलं, वकिलाच्या उंच खुर्चीवर. वाचून झाल्यावर मुक्ताला दिलं. तिनं वाचलं, डोळ्याला पदर लावला आणि एवढंच म्हणाली, "मी कवाची म्हणते, पण माझं ऐकतंय कोण?" ती असं कधी म्हणाली होती ते मला आठवत नाही, पण वाद घातला नाही. काल सकाळच्या गाडीनं निघालो. न कळवता.

परभणीपर्यंत मी मनात उजळणी करत होतो की दारात काय बोलायचं. काही म्हणजे काही सुचलं नाही. मोनालीनं दार उघडलं. आम्हाला बघून एकदम म्हणाली, "कुणाला काय झालं? आत्या बऱ्या हायेत ना?" बघ अक्का, बाप दारात आला तर लेकीला वाटतं कुणी तरी गेलं. मी म्हटलं, "सगळे बरे आहेत. मला तहान लागली आहे."

ती आत गेली आणि तांब्या-पेला घेऊन आली. पेला देताना तिनं निम्मं पाणी माझ्या शर्टावर सांडलं. उरलेलं प्यालो. मग दुसरा पेला मागितला. मुक्तानं तिसरा. आम्ही दोघं वाळवंटातून आल्यासारखे पीत होतो आणि विश्वजीतराव आतून "अहो बसा तरी आधी" म्हणत होते.

बसलो. खुर्चीबद्दल तू लिहिलंस ते सगळं खरं आहे, फक्त एक तुला कळलं नसेल, कारण तुला बसू दिलं नाही. तिच्यात बसलं की खिडकीतून खालचा रस्ता वळणापर्यंत दिसतो, रिक्षा वळताना आधी इथूनच दिसते. मी मोनालीला म्हटलं, जागा चांगली निवडलीस. ती म्हणाली, "इथं उभी राहून मीच वाट बघायची." मी पाय पुढच्या दांडीवर ठेवले आणि बसून राहिलो.

जावयांचा धोंडा इथंच झाला. मुक्तानं त्यांना औक्षण केलं, आणि पुरणाऐवजी आत मेथीचं सारण भरून ज्वारीच्या पिठाचे धोंडे केले. लई बेचव झाले होते. विश्वजीतरावांनी मागून घेऊन खाल्ले. मुक्ता "अजून एक" म्हणाली, आणि ते "वाढा" म्हणाले, तेव्हा तिचा चेहरा बघायला तू हवी होतीस. मग त्यांनी त्यांच्या आजोबांच्या खुर्चीची हकिकत पुन्हा पहिल्यापासून सांगितली. मी पहिल्यांदा नीट ऐकली. चांगली आहे.

त्या दोन खुर्च्या मी गारखेड्याच्या घरी तशाच ठेवल्या आहेत. येतील तेव्हा येतील. आता कुणी उंचीवर बसलं काय आणि ठेंगणीवर बसलं काय.

हे पत्र मी त्या खुर्चीत बसूनच लिहितो आहे. मोनाली मघापासून दोनदा येऊन गेली. पहिल्यांदा चहा ठेवला, बिनसाखरेचा, इथं तोच असतो. दुसऱ्यांदा पदरानं उगाच खिडकी पुसत म्हणाली, "बाबा, उद्याची गाडी कितीची हाय?" मी म्हटलं, "परतीचं तिकीट काढलेलं नाही." ती आत गेली, आणि आतून भांडी जोरजोरात वाजायला लागली. रडायचं असलं की ती लहानपणीही भांडीच घासायला घ्यायची.

तुझा
सुदर्शन